चाळीस डॉलरचा फोन

मराठीत ‘लिलाव’ हा शब्द एकटा येत नाही. त्याच्या मागे बँकेची नोटीस असते, जप्ती असते, दाराच्या फटीतून बघणारे शेजारी असतात. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले. तिथे कुणाच्या घराचा लिलाव झाला तर लोक ते कुजबुजत सांगायचे. शिकागोला आल्यावर कळलं की इथल्या लहान गावांत लिलाव म्हणजे शनिवारची करमणूक. एखादं म्हातारं जोडपं जातं, मुलं दुसऱ्या राज्यात असतात. मग शेतावरच्या घरातलं सगळं सामान अंगणात टेबलांवर मांडतात आणि शेजारीपाजारी घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. कुणी हॉट डॉग विकतं. लिलाव पुकारणारा इतक्या भरभर बोलतो की आकडा कळेपर्यंत वस्तू दुसऱ्याची झालेली असते.

अशाच एका लिलावात, शिकागोपासून दीड तासावरच्या गावात, मी एक तपकिरी चामड्याचा डबा घेतला. खांद्याला लावायचा पट्टा, झाकणाला बटणं, आत काळा रिसीव्हर आणि कडेला दुमडून ठेवता येणारं छोटं हँडल. यादीत एवढंच लिहिलं होतं: ‘जुना पोर्टेबल टेलिफोन’. चाळीस डॉलरला पडला. शेजारच्या खुर्चीतले आजोबा डबा बघून खुदकन हसले. म्हणाले, “माझे वडील अशाने मासे पकडायचे.” मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते खरं होतं. हँडलच्या जुन्या फोनची तार नदीत सोडायची, हँडल फिरवायचं, आणि झटका बसलेले मासे वर आले की गोळा करायचे. याला ‘माशांना फोन लावणं’ म्हणायचे. अनेक राज्यांत त्यावर कायद्याने बंदी आली.

घरी येऊन मी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि विचारलं, “ओळखा पाहू!” आत्याला ती हार्मोनियमची पेटी वाटली. चुलतभावाला जुना कॅमेरा. माझे वडील, अण्णा, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. त्यांनी टाइप करायच्या फंदात न पडता सरळ फोन केला.

“अगं, हा तर आमचा पोर्टेबल. ब्रेकव्हॅनमध्ये असायचा.” मग जरा थांबून, “पण याला हँडल कशाला? आमच्याला हँडल लागायचं नाही. कंट्रोलर कायम लाइनवरच असायचा.”

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. आम्ही ती लहानपणापासून ऐकत आलोय, पण त्यातल्या फोनकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. विजेचं इंजिन अजून न पोचलेला सेक्शन, रात्रीची मालगाडी, मधलं कपलिंग तुटलेलं. अर्धी गाडी ड्रायव्हरसोबत पुढे, अर्धी अण्णांसोबत अंधारात. आधी मागे चालत जाऊन रुळावर फटाके लावायचे, म्हणजे मागून येणारा ड्रायव्हर सावध होईल. मग परत येऊन लांब काठीच्या टोकाचे आकडे रुळाशेजारच्या तारांना अडकवायचे, डबा कानाशी धरायचा आणि आपलं नाव, गाडीचा नंबर सांगायचा. “तिकडून ‘बोला गार्डसाहेब’ ऐकलं ना,” अण्णा म्हणाले, “की हातपाय कापायचे थांबायचे.”

माझ्या लक्षात आलं की आजोबा, आत्या, अण्णा, प्रत्येकाने डबा ओळखला होता तो स्वतःच्या आयुष्यातून. वस्तू ओळखणं म्हणजे बहुतेक वेळा आपल्यालाच तिच्यात ओळखणं असतं.

खरी ओळख, म्हणजे तेव्हा मला खरी वाटलेली, आतल्या धातूच्या पट्टीवर होती. टेलिफोन ईई-८-बी. सिग्नल कोर, अमेरिकन सैन्य. ऑर्डर क्रमांकाच्या शेवटी ४३, म्हणजे १९४३ ची ऑर्डर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचा हा नेहमीचा फील्ड टेलिफोन होता. त्यानंतर तो कोरियात गेला आणि व्हिएतनाममध्येही वापरात होता. तोवर चामड्याच्या जागी कॅनव्हास आणि नायलॉन आलं होतं. बोलण्यासाठी त्यात टॉर्चचे दोन जाड सेल घालावे लागतात. पण पलीकडची घंटा वाजवायला सेल लागत नाहीत. ते काम हँडल करतं. हँडलमागे लोहचुंबकांच्या मध्ये तारेचं वेटोळं फिरतं आणि त्यातून ऐंशी-नव्वद व्होल्टच्या आसपास वीज तयार होते. याला मॅग्नेटो म्हणतात. चिखलात, पावसात, सेल संपलेले असतानाही घंटा वाजली पाहिजे, एवढाच त्यामागचा हेतू. ऐंशी वर्षांनंतरही माझ्या डब्यातलं ते वेटोळं शाबूत होतं. मी त्याला पॉलिश केलं, हॉलमधल्या शेल्फवर ठेवलं आणि मॉडेल नंबर, वर्ष, सगळं कळल्याच्या आनंदात राहिले.

*

गणपतीत घरी पंधरा-वीस माणसं होती. आरती झाली, मोदक झाले, आणि कुणीतरी शेल्फवरचा डबा खाली काढला. मी कौतुकाने सगळी माहिती सांगितली. इथे एमएस करणारा माझा बावीस वर्षांचा भाचा तार जोडायच्या दोन स्क्रूंवर बोटं ठेवून म्हणाला, “मावशी, फिरव की. काय होतंय बघू.”

मी फिरवलं. तो ओरडून मागे उडाला. हॉल हसण्याने भरून गेला. तोही हसत होता. कुणीतरी म्हणालं, “वन्स मोअर!” त्याने परत बोटं ठेवली. मी परत फिरवलं, आणि या वेळी जास्त जोरात.

हे वाचून कुणी असलं काही करू नये. हृदयाचा त्रास असलेल्या माणसावर ते जिवावर बेतू शकतं. पण मला सांगायचंय ते वेगळंच. दुसऱ्या वेळी मी जास्त जोरात का फिरवलं? मला त्याच्यावर राग नव्हता. तो माझा लाडका भाचा आहे. त्या क्षणी मला फक्त मजा येत होती. हातात एक छानसं यंत्र होतं, समोर हसणारी माणसं होती, आणि माझ्या मनगटाच्या एका हालचालीने तिकडे काहीतरी घडत होतं. मला स्वतःला काहीच होत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर आठवीतली माझी लेक डब्याकडे बघत उभी होती. ती सगळ्यांबरोबर हसली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. तिने विचारलं, “आई, हा तसलाच डबा आहे का? बर्जचा होता तसा?”

मला बर्ज माहीत नव्हता. वीस वर्षं या शहरात राहून माहीत नव्हता. तिला शाळेत तो धडा होता.

*

जॉन बर्ज शिकागो पोलीस दलात कमांडर होता. त्याच्या आणि त्याच्या हाताखालच्या माणसांच्या ताब्यात १९७२ ते १९९१ या काळात शंभराहून अधिक लोकांचा छळ झाला. जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. मारहाण, चेहऱ्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि हँडल फिरवून विजेचे झटके देणारा एक काळा डबा. पोलिसात येण्याआधी बर्ज व्हिएतनाममध्ये मिलिटरी पोलीस होता. तिथे कैद्यांच्या चौकशीत फील्ड टेलिफोन वापरला जायचा, असं त्याच्या तुकडीतल्या काही सैनिकांनी पुढे पत्रकार जॉन कॉनरॉयला सांगितलं. बर्जने आपल्याला असलं काही माहीत नसल्याचं सांगितलं.

१९८२ मध्ये अँड्र्यू विल्सन नावाच्या माणसाला दोन पोलिसांच्या खुनासाठी अटक झाली. तुरुंगाच्या डॉक्टरने त्याच्या अंगावरच्या जखमा पाहून पोलीसप्रमुखांना पत्र लिहिलं. कुणावरही खटला झाला नाही. विल्सनची गोष्ट मला अवघड जाते, कारण तो निरपराध नव्हता. छळाने घेतलेला कबुलीजबाब बाजूला ठेवून त्याच्यावर पुन्हा खटला चालला, तेव्हाही तो दोषीच ठरला. पण त्याने केलेल्या खुनांमुळे त्याच्या कानांना लावलेले चिमटे योग्य ठरत नाहीत. आणि तो डबा फक्त खुन्यांसाठीच बाहेर निघत होता असंही नाही. २००३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी फाशीच्या कोठडीतल्या चौघांना निरपराध मानून माफी दिली. त्या चौघांनीही बर्जच्या माणसांनी छळ केल्याचं सांगितलं होतं.

छळाच्या गुन्ह्यांची मुदत उलटून गेल्यामुळे बर्जला शिक्षा झाली ती शपथेवर खोटं बोलल्याबद्दल आणि न्यायात अडथळा आणल्याबद्दल: २०११ मध्ये साडेचार वर्षं. २०१५ मध्ये शिकागो शहराने पीडितांसाठी पंचावन्न लाख डॉलरची भरपाई मान्य केली. त्याच ठरावात असंही होतं की सरकारी शाळांत आठवीला आणि दहावीला हा इतिहास शिकवायचा. त्यामुळे माझ्या लेकीला माझ्या शेल्फवर दिसलं ते मला दिसलं नव्हतं. पट्टीवरचा नंबर मी वाचला होता. डबा ओळखला तिने.

*

त्यानंतर मी बरंच वाचलं. हँडलच्या मॅग्नेटोचा हा वापर शिकागोत जन्मलेला नव्हता, आणि अमेरिकेतही नाही. १९३० च्या दशकात फ्रेंच वसाहती पोलीस व्हिएतनाममध्ये विजेने छळ करत होते. पुढे अल्जीरियाच्या युद्धात फ्रेंच सैन्याने फील्ड टेलिफोनचा मॅग्नेटो सर्रास वापरला. १९५७ मध्ये अल्जीयर्समध्ये पकडला गेलेला संपादक आंरी अलेग याने तुरुंगातून आपला अनुभव लिहून बाहेर पाठवला. १९५८ मध्ये ते पुस्तक छापलं गेलं आणि काही आठवड्यांतच फ्रेंच सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या. अमेरिकेत आर्कन्सॉ राज्यातल्या टकर तुरुंगात १९६० च्या दशकात जुन्या फोनच्या मॅग्नेटोपासून असंच यंत्र बनवलं होतं. आणि १९७१ मध्ये डेट्रॉइटला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी जाहीर साक्षी दिल्या, त्यांत फील्ड टेलिफोन पुन्हा पुन्हा येतो.

हेच यंत्र का? एक कारण सोपं आहे: ते प्रत्येक तुकडीकडे होतंच. दुसरं अभ्यासक दारियस रेजाली यांनी २००७ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात मांडलंय. जिथे वर्तमानपत्रं, न्यायालयं, डॉक्टर लक्ष ठेवून असतात, तिथे छळ थांबतोच असं नाही. बरेचदा तो खुणा न ठेवणारा होतो. मॅग्नेटोने वेदना होते, डाग फारसे राहत नाहीत. म्हणजे ज्या देशांत कायद्याची थोडीतरी भीती असते, तिथेच या डब्याला जास्त काम.

पण मला सगळ्यात जास्त खुपली ती नावं. फ्रेंच सैनिक या यंत्राला ‘जेजेन’ म्हणायचे. ‘जनरेटर’ या अर्थाच्या शब्दाचं ते लाडातलं रूप. आपण बाळ्या, पिंट्या म्हणतो तसं. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिक ‘बेल टेलिफोन अवर’ म्हणायचे. तो घरोघरी ऐकला-पाहिला जाणारा संगीताचा कार्यक्रम होता. टकर तुरुंगात बराच वेळ दिलेल्या झटक्याला ‘लाँग डिस्टन्स कॉल’ म्हणायचे. आणि माशांना तर ‘फोन लावायचे’.

सगळी नावं विनोदी आहेत. सगळी नावं हँडलच्या बाजूने दिलेली आहेत. आमच्या हॉलमध्येही ‘वन्स मोअर’ ओरडणारं माणूस हँडलच्याच बाजूला होतं.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. भाच्याला फोन करून विचारलं, “त्या दिवशी तुला कसं वाटलं होतं रे?” तो आधी हसला. मग म्हणाला, “खरं सांगू मावशी? दुसऱ्यांदा नको होतं. पण सगळे हसत होते ना.”

*

मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने नेहमीचा मुद्दा मांडला, आणि तो मुद्दा कच्चा नाही. “सुरीने खून होतो म्हणून काय भाजी चिरायची नाही? वस्तू निर्दोष असते. दोष हाताचा.” माझ्या डब्याबाबत तर ते बहुधा शंभर टक्के खरं असेल. १९४३ च्या ऑर्डरचा, चामड्याच्या कव्हरचा हा फोन सगळं आयुष्य एखाद्या गोदामात पडून राहिला असेल. किंवा याच्यावरून कुणीतरी जखमी मित्रासाठी स्ट्रेचर मागवलं असेल.

तरीही ‘वस्तू निर्दोष’ म्हणून विषय मिटवावासा मला वाटत नाही. सुरी चालवणाऱ्याच्या हाताला रक्त लागतं. काय चाललंय ते त्याच्यापासून लपत नाही. फोनचं सगळं मर्मच वेगळं आहे: इथे काहीतरी करायचं आणि ते तिकडे घडायचं. इथला हात कोरडा राहतो. याचा अर्थ ज्या इंजिनियरने मॅग्नेटो बसवला तो दोषी, असं मी म्हणत नाही. त्याला चिखलात घंटा वाजवायची होती. पण ‘मला काही होत नाहीये’ याचा अर्थ ‘काही होत नाहीये’ असा घ्यायची सोय या वस्तूत आहे. ती सोय मी पंधरा माणसांच्या समोर, गणपतीच्या पुढ्यात वापरली. छळ करणाऱ्या माणसांमध्ये आणि माझ्यात फार मोठं अंतर आहे हे मला कळतं. माझ्या भाच्याच्या हातात बेड्या नव्हत्या. तो बोटं काढून घेऊ शकत होता. पण पहिली पायरी कशी दिसते ते मी पाहिलं. ती क्रूर दिसत नाही. ती मजेशीर दिसते.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याला हँडल नाही. पण कुणाचा तरी फोटो, कुणाचं तरी फजित झालेलं क्षणभराचं रूप ग्रुपवर ढकलताना अंगठा जे करतो ते याच जातीचं आहे. इथे हसण्याचे पिवळे चेहरे येतात. तिकडे काय झालं ते दिसत नाही. ‘दुसऱ्यांदा नको होतं’ हे वाक्य तिकडून आपोआप येत नाही. मला ते मुद्दाम विचारावं लागलं.

मग अण्णांचा फोन आणि हा डबा यांत फरक काय? दोन्हींत तार आहे, वीज आहे, पलीकडे न दिसणारं माणूस आहे. हा प्रश्न मी अण्णांनाच विचारला. सगळं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या लाइनीवर तिकडचा माणूस बोलायचा, बाई. तो बोलला नाही तर मग तो फोन कसला?”

मला वाटतं उत्तर एवढंच आहे. ईई-८ हा एक डबा नाहीच. तो जोडीने चालतो. तारेच्या दोन्ही टोकांना अगदी सारखा डबा असतो: तिकडेही रिसीव्हर, तिकडेही हँडल. मी घंटा वाजवू शकते तशी तोही वाजवू शकतो. मी बोलले की तो उत्तर देऊ शकतो, किंवा देत नाही. ही बरोबरी फोनमध्ये मुळातच आहे. छळ करणारे ती बरोबरी काढून घेतात. पलीकडचा डबा काढतात आणि त्या जागी माणसाचं शरीर जोडतात. ज्याच्याकडे हँडल नाही, ज्याचा आवाज ऐकायचा तो फक्त आपल्याला हवं ते कबूल करेपर्यंत, असं दुसरं टोक. तेव्हा फोनचा गैरवापर झाला असं म्हणणंही अपुरं आहे. अर्धा फोन तोडून टाकलेला असतो. मी लिलावात चाळीस डॉलरला घेतला तोही अर्धाच होता. आणि मी तो पूर्ण समजून त्याची ओळख सांगत बसले होते.

*

डबा टाकून द्यावा, असं मला काही दिवस वाटत होतं. लेकीने ऐकलं नाही. शाळेत तिला हेही सांगितलं होतं की बर्जचा डबा कधीच सापडला नाही, आणि ज्यांच्यावर तो वापरला त्यांच्यावर कित्येक वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही. “डबा नाहीसा झाला की लोक म्हणतात, असं काही नव्हतंच,” ती म्हणाली. तेरा वर्षांच्या मुलीशी यावर वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

म्हणून तो शेल्फवरच आहे. झाकणाच्या आत तिने एक कागद चिकटवलाय. वर मॉडेल नंबर आणि वर्ष, माझ्या आग्रहासाठी. खाली तिच्या अक्षरात मॅग्नेटो कशासाठी बनवला होता आणि कशासाठी वापरला गेला, कुठल्या शहरात, कुठल्या वर्षांत. आमच्या शहराचं नाव तिने सगळ्यात वर लिहिलंय. मी सुचवलं की शेवटी लिहू. ती नाही म्हणाली.

आणि या वसंतात दुसऱ्या एका लिलावात मला आणखी एक ईई-८ मिळाला, कॅनव्हासच्या कव्हरचा. दोन्हींत सेल घातले, हॉलपासून तिच्या खोलीपर्यंत तार ओढली. परवा मी ओट्याशी असताना हॉलमधली घंटा वाजली. खरखरीत, जुनाट आवाज. मी हात पुसून रिसीव्हर उचलला.

“बोला,” मी म्हणाले.

“आई, तुझ्याकडचंही हँडल चालतंय का बघायचंय,” ती म्हणाली. “आता तू कर.”